डॉक्टर म्हणतात "तुम्हीच ठरवा". सीटी स्कॅन करू का नको?

ड्रायव्हरकाका_तासगाव
वय 63. एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. बाविसाव्या वर्षी बिडी लागली ती 52 व्या वर्षी सुटली. रोज एक बंडल धरा, सांगली-स्वारगेट रातराणीला असलो की दीड. डोक्यावर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी आणि खाली आमचा धूर. खंबाटकी उतरला की एक पेटवायचीच, असा नेमच होता.

आता त्रास काही नाही. शुगरसाठी मिरजेला गेलो होतो, तिथल्या नव्या डॉक्टरांनी बिडीचा हिशेब विचारला. म्हणाले, "काका, तुमच्यासारख्यांना अमेरिकेत दरवर्षी कमी डोसचा, म्हणजे कमी किरणांचा, सीटी करायला सांगतात, फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून." मी म्हटलं, मग लिहा की. तर म्हणे, "लिहितो, पण आधी तुम्ही ठरवा. फायदा आहे, तोटाही आहे." पुढं नोड्यूल (म्हणजे बारीक गाठ), फॉल्स पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सर नसताना उगाच संशय) असलं बरंच बोलले. बाहेर तीसेक माणसं ताटकळलेली. मीच "बरं बरं" म्हणून उठलो.

पण राग आलाय. ब्रेक लागंना झाला तर मेकॅनिक मला विचारतो का, लायनर बदलू का नको, तुम्हीच ठरवा? मग डॉक्टर कशाला? मिसेस म्हणतात करून टाका. कुणी केलाय का?

ता. क. 1994 ला टीबी झाला होता. गोळ्या-सुया पूर्ण घेतल्या. हे सांगायचं राहिलं.

कराडचा_फिटर
काका, उदाहरण चुकलं. ब्रेक लागत नाही म्हणजे बिघाड कळलाय. इथं गाडी झ्याक चाललीय आणि प्रश्न असा की गिअरबॉक्स खोलून बघायचा का. मालकाला विचारल्याशिवाय मी तरी खोलत नाही.

वाळव्याची_लेक
तुमची ता. क. सगळ्यात महत्त्वाची. आमच्या आबांचा सीटी भावानं डॉक्टरला न विचारता परस्पर करून आणला. रिपोर्टात 'उजव्या वरच्या भागात 9 मिमीची गाठ'. तो रिपोर्ट आमच्या घरी कोण वाचणार? जावयानं फोनवर शोधून वाचला आणि आईनं रडायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, मग पाठीतून सुई घालून तुकडा काढला. त्यात फुप्फुसाबाहेर हवा साठली, चार दिवस छातीत नळी. शेवटी निघाला जुन्या टीबीचा डाग. आबा आज ठणठणीत आहेत, पण त्या चार महिन्यांत त्यांनी जमिनीच्या वाटण्या करून टाकल्या. त्यावरून भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

रिटायर्ड_सिस्टर_मिरज
काका, डॉक्टर अंग झटकत नव्हते. तिकडं अमेरिकेत 2015 पासून मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा, ह्या सीटीचे पैसे देतो तेच मुळी आधी डॉक्टर-पेशंटचं असं बोलणं झालं तर. फक्त आकडे न सांगता "ठरवा" म्हणणं मला पटत नाही. घ्या आकडे.

मोठी चाचणी 2011 ला छापून आली. भरपूर सिगारेट ओढलेली 53 हजारांवर माणसं. निम्म्यांना तीन वर्षं दरवर्षी कमी डोसचा सीटी, निम्म्यांना छातीचा साधा फोटो, म्हणजे एक्स-रे. फोटोवाल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं 443 गेले, सीटीवाल्यांत 356. पेपरात ह्याचं '20 टक्के घट' होतं. हजारामागे मोजलं तर तीन माणसं. तीन म्हणजे कमी नव्हेत, तीन घरं आहेत. पण त्याच सीटीवाल्यांत शंभरातल्या 39 जणांना कधी ना कधी 'काहीतरी दिसतंय' असं सांगितलं गेलं, आणि अशा दर शंभर रिपोर्टांतले 96 कॅन्सरचे नव्हते. हे जिथं टीबी फारसा नाही तिथलं. आपल्याकडं बऱ्याच छात्यांवर टीबीचे जुने डाग, आबांचं झालं तसं होऊ शकतं.

त्यांचा आताचा नियम (2021 चा): वय 50 ते 80, रोज एक पाकीट धरून 20 वर्षांएवढी सिगारेट, आणि सोडून 15 वर्षं झालेली नसावीत. तुम्ही बसता. बिडी बारीक म्हणून सूट नाही, ती विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात. सीटीला सुई नाही, उपाशी राहणं नाही, किरणं नेहमीच्या छातीच्या सीटीपेक्षा बरीच कमी. स्वस्तात साधा फोटो काढून समाधान मानू नका, त्यानं मृत्यू कमी होत नाहीत. आणि बेडक्यात रक्त, वजन घटणं असलं काही असेल तर ठरवत बसू नका, सरळ जा.

अंगणातली_चूल
सिस्टर, मी बिडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं. माझं काय?

रिटायर्ड_सिस्टर_मिरज
ताई, त्या नियमात तुम्ही बसत नाही. धुरानं धोका वाढतो हे खरं, पण असल्यांना सीटीनं फायदा होतो का ते त्या चाचणीत पाहिलंच नव्हतं. खोकला, दम असेल तर मात्र दाखवा.

ड्रायव्हरकाका_तासगाव
काल परत गेलो, मिसेसला घेऊन, गर्दी सरल्यावर. टीबीचं सांगितलं तसे डॉक्टर खुर्ची ओढून नीट बसले. म्हणाले, "गाठ दिसली आणि सहा महिने नुसती बघत राहू म्हटलं, तर झोप लागेल?" मी म्हटलं लागेल. मिसेस म्हणाल्या, "ह्यांना लागेल हो, मला नाही." मग विचारलं, "आणि खरंच कॅन्सर निघाला तर फुप्फुसाचा भाग काढायच्या ऑपरेशनला तयार व्हाल? तयार नसाल तर शोधून उपयोग काय?" ह्यावर मी मिनिटभर गप्प. हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशीच विचारला असता तर एवढं लिहावं लागलं नसतं. तयार आहे म्हणालो.

म्हणाले, मग करू, पण टीबीच्या वेळचा फोटो असेल तर शोधा. डाग तेव्हापासून तिथंच असेल तर सुई घालायची वेळ बहुधा येणार नाही.

ट्रंक उपसली. फोटो सापडला. 1995 ला दिवाळीत सूर्यग्रहण होतं ना, तेव्हा पोरांनी बघायला त्याचा खालचा कोपरा कापून नेलाय (तसं बघू नये म्हणतात, तेव्हा कुणाला ठाऊक). डाग वरच्या बाजूला होता, तेवढा भाग शाबूत आहे. सोमवारी पिशवीत घालून नेतोय.