अनुभव धागा : मांजर लिटर खातं तेव्हा

आमचं पिल्लू सात आठवड्यांचं आहे. परवा रात्री ट्रेमधून कुर्रम कुर्रम आवाज आला. जाऊन बघते तर साहेब लिटर (शी-शूसाठी ट्रेमध्ये घालतात ते दाणे) चावत बसलेले. तोंडात बोट फिरवलं तर टाळूला राखाडी चिखल चिकटलेला. रात्रभर झोप लागली नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा : मांजराचं वय, कोणतं लिटर, डॉक्टरांनी काय केलं.

सोनीची आई, ठाणे

ताई, आधी पिल्लाच्या हिरड्या बघा. अंगात रक्त कमी असलं तरी मांजर लिटर खातं. बाकी सगळं नंतर.

आमची सोनी चार वर्षांची. अचानक लिटर खायला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल. खेळणी आणली, दोनदा लिटर बदललं. मग ती बाल्कनीतल्या कुंडीतली माती खायला लागली, भिंतीचा पोपडा चाटायला लागली. एक दिवस तिने जांभई दिली आणि मला तिच्या हिरड्या दिसल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

त्याच संध्याकाळी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 4.2. मांजराचं साधारण 8 ते 15 असतं. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरचे केस उलटे करून दाखवले, मुळाशी काळी पूड होती. ओल्या पांढऱ्या कापसावर ती चोळली तर लालसर डाग उमटले. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. पिसवांमधून आलेला जंतू तिच्या तांबड्या पेशींना चिकटला होता. तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन चाललं. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर आतून जखम होते, म्हणून प्रत्येक गोळीमागून सिरिंजने थोडं पाणी पाजायचे. रक्त भरत गेलं तसं लिटर खाणं आपोआप सुटलं. तोवरचा महिना मी खेळण्यांत घालवला, याचं अजून वाईट वाटतं.

दोन बोके, नाशिक

पिल्लांचं वेगळं असतं. चार ते आठ आठवड्यांत ती जे दिसेल ते तोंडात घालून बघतात, रांगणाऱ्या बाळासारखी. आम्ही लिटर काढून टाकलं आणि ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. वास येतो, दिवसातून तीनदा बदलावं लागतं, पण चार महिन्यांचे होईपर्यंत तेच ठेवलं. जंताचं औषधही वेळेवर द्या. जंतांनीही पिल्लांचं रक्त कमी होतं.

कोल्हापूरकर

गोळा होणारं लिटर पिल्लांना नकोच. खात्री करायची असेल तर वाटीत चमचाभर घ्या आणि पाणी घाला. बेंटोनाइट माती असते ती. बघता बघता फुगते आणि कणकेसारखी चिकट होते. पोटात गेल्यावरही तेच होतं. आमच्या पाच महिन्यांच्या भाटीला दोन दिवस शी झाली नाही, मग उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना. एक्स-रेमध्ये आतड्यात दाट गोळा दिसला. सलाईन आणि एनिमावर निभावलं, ऑपरेशन टळलं. घरी एरंडेल पाजू नका. उलटी, बंद झालेली शी आणि खाणं सोडणं यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि टोफूचं लिटर सुरक्षित म्हणून आणाल तर एवढं लक्षात ठेवा : ते सोयाबीनचं असतं, काही मांजरांना वास आवडतो आणि ती जास्तच खातात.

माऊ, पुणे

आमच्याकडे रक्त कमी होण्याचं कारण स्वयंपाकघरात निघालं. सासूबाई प्रेमाने रोज रश्श्यातला भात कालवून द्यायच्या. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेल्यानेही. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्याच नुसतं उकडलेलं चिकन निवडून देतात, मीठही न घालता.

न्यू जर्सीहून

आमची म्हातारी, 14 वर्षांची. तिच्या बाबतीत मूत्रपिंड निघालं. मूत्रपिंड थकलं की रक्त तयार करायचा निरोपच हाडांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून रक्त कमी. मोठं मांजर नव्याने लिटर खायला लागलं तर रक्ताबरोबर मूत्रपिंडाचीही तपासणी करून घ्या.

सोनीची आई, ठाणे

एक राहिलं. माणसांचं लोहाचं टॉनिक घरच्या घरी देऊ नका. जास्त झालेलं लोह विषारी ठरतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनीच्या आईचं वाचल्या वाचल्या पिल्लाचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या गुलाबी आहेत. तरी काल डॉक्टरांकडे नेलं. वजन 650 ग्रॅम, पोट मऊ, जंताचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. ट्रेमध्ये आता वर्तमानपत्राच्या पट्ट्या आहेत. आज सकाळी त्याने त्यातली एक ओढून बाहेर काढली, दोनदा चावली आणि सोडून दिली. मग परत आत जाऊन शी केली. राखाडी खडे होते त्यात, थोडेच. उद्याही बघून इथे लिहिते.