प्रतिसाद: झाड छाटायचा एवढा खर्च कशाला?

सोसायटीतला गुलमोहर छाटायला ठेकेदार अवाच्या सवा मागतात, कोयतेवाला निम्म्यात करून देतो, असं वर एकांनी लिहिलंय. मी मुलुंडला हेच काम करतो, म्हणून सांगतो.

जड फांदी वरून एकदम तोडली की पडताना खोडाची साल सोलत नेते. त्या जखमेत पाणी मुरतं, बुरशी धरते आणि काही पावसाळ्यांत झाड आतून पोकळ होतं. म्हणून खोडापासून हातभर सोडून आधी खालून अर्धवट काप घ्यायचा, मग जरा पुढे वरून, आणि फांदी दोराने सावकाश उतरवायची. उरलेला खुंट सगळ्यात शेवटी, फांदी खोडाला मिळते तिथे जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. ती कड राखली तरच झाड जखम बुजवतं. खाली गाड्या, पत्रे, केबल. वर चढलेल्या पोराचा पट्टा, हेल्मेट, विमा. पैसे यात जातात हो.

आणि झाड आपल्या आवारातलं असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागतेच. मे महिन्यात सगळेच धावतात, तुम्ही अर्ज जानेवारीतच द्या. उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी असतात. पिल्लं दिसली की ती फांदी आम्ही सोडतो, सेक्रेटरी कितीही चिडू देत.

'सगळा शेंडाच उडवा' हा आग्रह मात्र कृपया धरू नका. तिथे फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, पुढे वाऱ्यात तेच आधी मोडतात.