रंधा मशीनचं बेअरिंग: तेच नंबर घालू की वेगळं?

कुडाळचा सुतार
माझ्याकडे रंधा, गोल करवत आणि ड्रिल एकाच शाफ्टवर असलेलं मल्टिपर्पज मशीन आहे, मोटर 2 एचपी. काम फणस आणि सागवानाचं. हल्ली रंध्यातून घरघर येते, फळीवर बारीक लाटा उठतात आणि पुलीच्या बाजूचं हाउसिंग (बेअरिंग बसतं ते घर) हात टेकवत नाही इतकं तापतं. पट्टा काढून कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता भाग) हाताने फिरवला की खरखर लागते. बेअरिंगवर 6205 झेडझेड लिहिलंय. तेच घालू? आणि तापणारं एकच बदललं तर चालेल का?

जुना मिस्त्री
दोन्ही बदला. भुसा दोघांनीही सारखाच खाल्लाय. माप 6205 चंच (आतून 25, बाहेरून 52, रुंदी 15 मिमी), पण झेडझेडऐवजी 2आरएस घ्या. झेडझेडच्या पत्र्याच्या झाकणाला फट असते, तिच्यातून भुकटी शिरते आणि ग्रीस सुकवते. 2आरएसला रबरी सील असतं.

प्लग काढा, मग सगळ्यात आधी पाती उतरवा. पुली आणि बेअरिंग पुलरनेच (पकडून ओढून काढायचं हत्यार) काढा, हातोड्याने शाफ्ट वाकतो.

आता खरं काम बसवण्याचं. शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर हवा. त्या मापाचा पाइपचा तुकडा घ्या, तोंड सरळ कापलेला. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की तो मार गोळ्यांमधून जातो, खाचेत ठसे उमटतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. कितीतरी चांगली बेअरिंगं अशी वाया जाताना पाहिलीत, वाईट वाटतं.

आणि पट्टा किती ताणलाय तेही बघा. पुलीचीच बाजू तापते म्हणजे मला तिथेच शंका आहे.

कुडाळचा सुतार
पट्टा खरंच फार ताणलेला होता. दोन्ही बेअरिंग काढली. पण पुलीकडचं आतलं कडं शाफ्टवर बोटाने फिरत होतं. इथला फिटर म्हणतो, सेंटर पंचने टिंब मारून घट्ट करू.

जुना मिस्त्री
अजिबात नको. बेअरिंग त्या टिंबांच्या टोकांवर तरंगत बसतं, टोकं झिजली की पुन्हा ढिलं. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून घ्या. झीज मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांची असेल तर तेल पुसून रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. जास्त असेल तर लेथवाल्याकडे वेल्डने भरून, पुन्हा 25 मिमीला टर्न करून घ्या आणि शाफ्ट सरळ आहे का ते डायल गेजने तपासायला सांगा, वेल्डच्या उष्णतेने वाकू शकतो.

लेथवाला
बरोबर. भरण्याऐवजी स्लीव्हही (शाफ्टवर चढवायची पातळ नळी) चालते, पण शाफ्ट बारीक करावा लागतो. कटर ब्लॉकच्या शाफ्टला मी ते टाळतो.

जुना मिस्त्री
जोडल्यावर पाती लावताना मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवा आणि ब्लॉक हाताने फिरवा. प्रत्येक पातं पट्टीला दोन्ही टोकांना सारखंच घासलं पाहिजे. एक जरी वर राहिलं तर नव्या बेअरिंगवरही लाटा येतील. मग थोडा वेळ रिकामं चालवा, बंद करून हाउसिंगला हात लावा, आणि तेव्हाच फळी घाला. शाफ्टचं माप आलं की इथे टाका.