चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी: एकच का वेगवेगळं?

काल आईला घेऊन कोथरूडला कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. आई म्हणाली चक्कर येते, तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आजी, चक्कर हा शब्द सोडून सांगा, नक्की काय होतं? आई गप्पच झाली, मलाही पटकन सुचेना. घरी आल्यावर आठवत बसलो तर भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं, झीट, एवढे शब्द निघाले. यांचे अर्थ खरंच वेगळे आहेत का? तुमच्याकडे काय म्हणतात?

—

ताई, वेगळे आहेत, आणि ते वेगळेपण जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. गंमत बघा, चक्करमध्ये चक्र आहे, भोवळीत भोवणं आहे (भोवरा, भोवंडणं त्यातलेच), घेरीत घेर आहे. म्हणजे तिन्ही शब्द गोल फिरण्याचे. पण वापरात ते सरकलेत. मिरवणुकीत उन्हाने एकाला भोवळ आली म्हटलं की आपण तो गरगरला असं नाही समजत, शुद्ध हरपून पडला असंच समजतो, घेरीचंही बरंचसं तसंच. झीट तर सरळ कोसळणंच. फिरण्यासाठी रोखठोक शब्द उरलाय तो गरगरणं.

अंधारी मात्र पूर्ण वेगळी, तिच्यात गोल काही नाही. बसल्या जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे काळं येतं ती अंधारी, रक्त पायाकडे राहतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर डॉक्टर त्याला आजार धरतात. पाणी कमी पिणं, जुलाब, बीपीच्या गोळ्या जास्त होणं, अंगात रक्त कमी असणं, अशी कारणं असतात. गरगरण्याचं मूळ बऱ्याचदा कानात असतं. म्हणजे शब्द बदलला की तपासणी बदलते, अंधारीला आडवं आणि उभं करून बीपी बघतात, गरगरण्याला कान आणि डोळे.

—

अगदी हेच झालं! थोड्या वेळाने आई म्हणाली, "कुशीवर वळले की पंखा माझ्याभोवती फिरतो, अर्धा मिनिट, मग थांबतो." डॉक्टर लगेच उठले, तिला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं, तर तिची बुबुळं थडथड उडायला लागली, मी समोरच होते. म्हणाले कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे सुटून अर्धगोल नळीत गेलेत. मग डोकं टप्प्याटप्प्याने वळवत कण परत जागेवर आणले, त्याला एपली म्हणतात, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि याआधी सहा महिने एका ठिकाणी मानेचा मणका म्हणून पट्टा आणि चक्करच्या गोळ्या चालू होत्या. फार वाईट वाटलं. पंख्याचं ते वाक्य आम्ही तिथे बोललोच नव्हतो, कुणी विचारलंही नव्हतं.

—

एक भर घालते, मी नर्स आहे. नुसत्या शब्दावर सगळं सोडू नका, घाबरलेला माणूस आत्ता गरगरतंय म्हणतो आणि पाच मिनिटांनी डोकं हलकं झालंय म्हणतो. त्यापेक्षा क्रियापद नीट सांगा. "चक्कर येऊन जाते" आणि "सकाळपासून चक्कर आहेच" यात फार मोठा फरक आहे. येऊन जात असेल तर किती वेळ राहते आणि काय केल्यावर येते ते सांगा, कूस बदलली की, उठलं की, की काहीच न करता. सोबत कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, तेही सांगा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर तपासा, 70 च्या खाली गेली की घाम, थरथर आणि चक्कर एकत्र येतात. आणि अचानक चक्कर सुरू झाली, जोडीला बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, हातपाय लुळा पडलाय किंवा उभंच राहता येत नाहीये, तर लिंबू सरबत देत बसू नका, 108 ला फोन करा, तो मेंदूचा झटका असू शकतो.

—

आमची आजी म्हणायची "भुई सरकते". पडून राहिली की काही नाही, चालताना मात्र भिंत धरायची, रात्री अंधारात जास्त. तिला गरगरायचं नाही की अंधारीही यायची नाही. तिचं बी12 फार कमी निघालं, पायातली जाणीवच गेली होती. याला चक्कर म्हणायचं की तोल जाणं?

—

तोल जाणं. पण डॉक्टरांना "भुई सरकते" हेच सांगा.