कंपवात होणार का ते मेंदूच्या सोनोग्राफीत आधी कळतं का? दादासाठी विचारतेय

नेकरकाठची सायली:
आमच्या अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन आहे. ते साताऱ्याला असतात. हात थरथरायच्या कितीतरी आधी त्यांचं अक्षर बारीक होत गेलं होतं. पेन्शनच्या कागदावरची सही मुंगीएवढी झाली आणि बँकेने ती जुळत नाही म्हणून परत पाठवली. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं.

आता काळजी दादाची आहे. तो 53 वर्षांचा आहे. त्याला हिंगाच्या फोडणीचाही वास येत नाही. वहिनी म्हणते, झोपेत ओरडतो, लाथा झाडतो, एकदा तिच्या खांद्यावर गुद्दा बसला. मी स्टुटगार्टला राहते. इथून जवळच ट्युबिंगेनला कानाजवळ प्रोब लावून मेंदूची सोनोग्राफी करतात आणि त्यात पार्किन्सनचा धोका आधी दिसतो, असं वाचलं. दादाला बोलावून ती करून घेऊ का? उगाच धीर देऊ नका, खरं काय ते सांगा.

सोनो_वैशाली:
सायलीताई, ही तपासणी मी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या जरा वर कवटी पातळ असते. तिथे साधारण 2 मेगाहर्ट्झचा प्रोब टेकवायचा. मध्यमेंदू पडद्यावर काळ्या फुलपाखरासारखा दिसतो आणि त्यात सबस्टान्शिया नायग्राचा भाग शोधायचा, म्हणजे पार्किन्सनमध्ये ज्याच्या पेशी मरत जातात तो. तो नेहमीपेक्षा पांढरा चमकत असेल तर कडेने रेघ ओढून क्षेत्रफळ मोजतात. काही मशीनवर 0.20 चौरस सेंटिमीटरची मर्यादा धरतात, पण मशीन बदललं की आकडाही बदलतो. जिथे रोज हे काम चालतं तिथलाच रिपोर्ट धरावा. या चमकेचा संबंध तिथे साठलेल्या लोहाशी लावतात.

1995 मध्ये जर्मनीतच वुर्झबुर्गच्या गेऑर्ग बेकर आणि सहकाऱ्यांनी ही खूण प्रथम मांडली. पार्किन्सनच्या दहातल्या जवळपास नऊ रुग्णांत ती सापडते. पण ठणठणीत माणसांतही दहात साधारण एकाकडे असते, आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. गोंधळ इथेच होतो. आजार वाढला म्हणून ती चमक वाढतही नाही, म्हणजे दरवर्षी मोजत बसण्यातही काही हाशील नाही.

तुम्ही वाचलंत तो अभ्यास बहुधा ट्युबिंगेन, होम्बुर्ग आणि इन्सब्रुकचा. पन्नाशी ओलांडलेले, आजार नसलेले 1847 लोक त्यात होते. साधारण तीन वर्षांत 11 जणांना पार्किन्सन झाला. चमक असलेल्यांचा धोका सुमारे 17 पट निघाला. सतरा पट ऐकलं की पोटात गोळा येतो, पण मुळात आजारी पडले किती ते बघा.

दादांच्या बाबतीत मला सोनोग्राफीपेक्षा त्या लाथांची जास्त काळजी वाटते. आधीची चिन्हं ओळखण्यासाठी 2015 मध्ये जे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत प्रत्येक खुणेला वजन दिलं होतं, आकडा जितका मोठा तितकी आजाराची शक्यता जास्त. या पांढऱ्या चमकेला 4.7 आणि स्वप्नात हातपाय मारण्याच्या विकाराला, तो रात्रभराच्या झोपतपासणीत सिद्ध झाला तर, 130! म्हणून विमानाचं तिकीट काढू नका. तिकडेच चांगला न्यूरोलॉजिस्ट गाठा आणि आधी झोपेची तपासणी करा.

शुभांगीकाकू:
माझी ही सोनोग्राफी झाली होती, म्हणून लिहिते. खोलीत अंधार केला, दोन्ही बाजूंनी जेल लावून बराच वेळ शोधलं आणि शेवटी म्हणाले, हाडातून काही दिसतच नाही. मी साठी ओलांडलेली. इतक्या आशेने गेले होते, फार वाईट वाटलं गं.

सोनो_वैशाली:
काकू, वय वाढलेल्या बायकांत हे बरेचदा होतं. चांगलं की वाईट, काहीच अर्थ त्यातून काढायचा नाही.

नेकरकाठची सायली:
खूप आभार. वहिनीशी आत्ताच बोलले. ती रात्री मोबाइलवर व्हिडिओ काढणार आहे, दादाला सांगूनच. पण एक सांगा, धोका आहे असं कळलंच तर आज हातात उपाय काय?

सोनो_वैशाली:
आजार नक्की थांबवेल असं औषध आज नाही, हे स्पष्ट सांगते. म्हणूनच नुसत्या चमकेच्या रिपोर्टवर कुणाला गोळ्या सुरू करत नाहीत. दमवणारा नियमित व्यायाम मात्र मी प्रत्येकाला सांगते, दादांनाही सांगा. वेळेत निदान झालं तर अण्णांसारखी वर्षं नुसती निघून जाणार नाहीत.

व्हिडिओ उत्तम. पलंगाजवळचं टोकदार टेबल, काचेचं सामान आजच हलवायला सांगा, आणि वहिनींनी तूर्त वेगळ्या अंथरुणावर झोपावं. वास जायला नाकाचं किंवा सायनसचं दुखणंही कारण असू शकतं, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि दादा नैराश्यावरची एखादी गोळी घेतात का? त्यातल्या काहींमुळेही झोपेत असे हातपाय झाडले जातात. मनाने बंद करू नका, पण चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा.