मोठ्यांसाठीची कौटुंबिक ॲनिमेशन मालिका : आवाज कसे निवडावेत? सल्ला हवा

कटिंगचहा
मोठ्यांसाठीचा (घरातली भांडणं, शिव्या, हप्त्यांची बोंब, सगळं) ६ मिनिटांचा मराठी ॲनिमेशन पायलट (नमुन्याचा पहिला भाग) करायचा आहे. पात्रं पाच : आई, बाबा, आजी, दहावीतली मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. डोळ्यांसमोर नमुने म्हणजे सिम्पसन्स, फॅमिली गाय, बॉब्स बर्गर्स या अमेरिकी मालिका. बेत असा की चित्रं पूर्ण करायची आणि मग डबिंग आर्टिस्टकडून आवाज भरून घ्यायचे. मुलासाठी खरा लहान मुलगा घ्यावा का? सगळ्यांना एकत्र बसवावं की एकेकाला? जाणकारांनी सांगावं.

निषाद
आधी डबिंग हा शब्द डोक्यातून काढा. आपल्याकडे परदेशी कार्टून तयार होऊन येतं आणि त्यावर मराठी-हिंदी आवाज चढतो, म्हणून तोच क्रम वाटतो. मुळात बनवताना तो उलटा असतो : आधी आवाज, मग चित्र. डबिंगमध्ये नट ओठांच्या मागे धावतो, आणि विनोदातला पॉज तिथेच मरतो.

सिम्पसन्सचा क्रम बघा. स्क्रिप्ट, मग नटांचं एकत्र वाचन, जिथे हशा पडला नाही तिथे पुनर्लेखन, मग रेकॉर्डिंग, मग स्टोरीबोर्ड (प्रसंगांची कच्ची चित्रं) आणि ॲनिमॅटिक (तीच चित्रं आवाजावर बसवून), त्यावर पुन्हा पुनर्लेखन, आणि मगच मुख्य ॲनिमेशन दक्षिण कोरियात. तिथून परत आल्यावर बिघडलं तर काय होतं, तेही त्यांनी पहिल्याच सीझनमध्ये भोगलं. जो भाग सर्वात आधी दाखवायचा होता, त्याचं सुमारे ७० टक्के ॲनिमेशन पुन्हा करावं लागलं. म्हणून मालिका १७ डिसेंबर १९८९ ला नाताळच्या भागाने सुरू झाली आणि तो भाग मे १९९० मध्ये सीझनच्या शेवटी गेला.

तुमच्यासाठी हिशोब : सेकंदाला २४ फ्रेम धरून ६ मिनिटांच्या ८,६४० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी ४,३२०. आवाजाच्या कटमध्ये दहा सेकंद उडवलीत तर १२० चित्रं वाचतात. म्हणून साडेसात-आठ मिनिटांचं रेकॉर्ड करा आणि नुसत्या आवाजाची श्रुतिका कापून सहा मिनिटांवर आणा. ती चार जणांना चित्राशिवाय ऐकवा. कोण बोलतंय हे कळत नसेल किंवा हसू येत नसेल, तर चित्रं काढून ते सुधारणार नाही.

खर्ज
निषाद यांना अनुमोदन. आता निवडीबद्दल.

लहान मुलासाठी लहान मुलगा घेऊ नका. दुसऱ्या भागापर्यंत आवाज फुटला की संपलं. शिवाय शिव्यांच्या स्क्रिप्टमध्ये मूल बसवणं हा वेगळाच घोळ. सिम्पसन्समधला मुलगा बार्ट, त्याचा आवाज नॅन्सी कार्टराइट यांचा. किंग ऑफ द हिल या मालिकेतल्या बॉबी या मुलाचा पामेला ॲडलॉन यांचा. मोठी बाई घ्या, पण 'बारीक आवाज काढा' असं सांगू नका, नाहीतर बाहुली बोलल्यासारखं होतं. वाक्याचा शेवट तोडायला सांगा, श्वास चुकीच्या जागी घ्यायला सांगा. मूल तिथूनच ऐकू येतं.

ऑडिशनला एकाला एकच पात्र वाचायला देऊ नका. कार्टराइट लिसासाठी (बार्टची बहीण) आल्या होत्या, मिळाला बार्ट. यर्डली स्मिथ बार्टसाठी वाचून गेल्या आणि लिसा झाल्या. बॉब्स बर्गर्समधली मोठी मुलगी टीना तर पायलटमध्ये डॅनियल नावाचा मुलगा होती. पात्र बदललं, पण डॅन मिंट्झ यांचा तो सपाट पुरुषी आवाज तसाच राहिला, आणि टीनाची अर्धी गंमत त्यातच आहे.

दुसरं, आवाज टिकतो का ते बघा. बार्टचे वडील होमर, त्यांचा पहिला आवाज म्हणजे डॅन कॅस्टेलानेटा यांनी केलेली वॉल्टर मॅथाऊ या अभिनेत्याची नक्कल होती. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ती टिकेना, म्हणून आवाज बदलत गेला. तुमच्या आजीसाठी घसा आवळून बोलणारी तरुण मुलगी येईल आणि पहिली दोन मिनिटं छान वाटेल. तिला सलग वीस मिनिटं वाचायला लावा, मधे एक जोरदार भांडण ठेवा. विसाव्या मिनिटाला आजी पस्तिशीची झाली तर नको.

शेवटी पाचही निवडलेल्यांचं एकच वाक्य ('गॅस कोणी चालू ठेवला?') एकामागोमाग लावा. दोघे सारखे वाटले तर एक बदला. फरक पट्टीपेक्षा वेगात जास्त कळतो.

कटिंगचहा
बेत रद्द, आधी आवाज. आजीला वऱ्हाडी बोलायला लावायची आहे, पुण्यातली नटी चालेल? आणि एकत्र की वेगळं?

खर्ज
वऱ्हाडी घरात बोलणारीच व्यक्ती घ्या. 'काऊन' आणि 'हाव ना' पेरून वऱ्हाडी होत नाही, लय चुकते आणि विदर्भातला माणूस तिसऱ्या शब्दाला पकडतो. स्क्रिप्टही तिच्याकडून बोलून घ्या. दुसऱ्याच्या बोलीची नक्कल विनोदात लवकर टिंगल होते. २०२० मध्ये सिम्पसन्सने गोऱ्या नटांकडून इतर वंशांच्या पात्रांचे आवाज घेणं थांबवलं. फॅमिली गायमधल्या कृष्णवर्णीय क्लीव्हलंडचा आवाजही त्याच वर्षी माइक हेन्री यांनी सोडला आणि तो अरिफ झाहिर यांच्याकडे गेला.

डेसिबल
एकत्र. बॉब्स बर्गर्सचा जिवंतपणा नट एकमेकांच्या वाक्यांवर चढतात, त्यातून येतो. पण घरच्या सेटअपला एकत्र म्हणजे धोका : आईच्या माइकमध्ये बाबा शिरले की ते वाक्य नंतर हलवता येत नाही. म्हणून दोघा-दोघांची जोडी, प्रत्येकाला स्वतंत्र कार्डिऑइड माइक (समोरचं जास्त, पाठीमागचं कमी पकडणारा), तोंडापासून १५–२० सेंमी, मधे पॉप फिल्टर (प-फचे फुंकारे अडवणारी जाळी). दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, जमलं तर दीड-दोन मीटर. दोघे समोरासमोर, माइकची पाठ दुसऱ्याकडे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. बोलताना पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, ओरडताना उणे ६ च्या वर नको. पंखा बंद, फ्रिज बंद, मागे गोधड्या. सुरुवातीला ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा, कापलेल्या जागा भरायला लागते.

निषाद
एकत्र रेकॉर्डिंगला माझा अर्धा विरोध. नवख्या नटांत सगळे सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याच्या पट्टीत जातात. पहिला टेक एकत्र, मग एकेकाला बसवून प्रत्येक ओळ तीनदा : एकदा लिहिल्याप्रमाणे, एकदा निम्म्या आवाजात, एकदा मनाला येईल तशी. बहुतेकदा निम्म्या आवाजातली निवडाल.

डेसिबल
हे मान्य. ओरडण्याच्या ओळी मात्र दिवसाच्या अगदी शेवटी. आधी घेतल्या तर उरलेला दिवस घसा बसलेलाच. आणि हुंकार, ढेकर, चावणं, उसासा, हसण्याचे पाच प्रकार, यांची वेगळी यादी करून घ्या. ही यादी हमखास विसरतात आणि मग एका ढेकरेसाठी नटाला परत बोलवावं लागतं.

ळ_कार
ओठांबद्दल. रुबार्ब हे फुकट सॉफ्टवेअर आवाजावरून तोंडाचे आकार काढून देतं. मूळ ओळख इंग्रजीसाठी आहे, मराठीला 'फोनेटिक' पर्याय निवडा, नाहीतर ते इंग्रजी शब्द शोधत बसतं. तरी हाताने दुरुस्ती आलीच. 'फळ' आणि 'फोन' एकाच आकारात बसवू नका : फळमधला फ ओठ मिटून होतो, फोनमधला दात खालच्या ओठावर टेकून. मिटलेले ओठ (प, ब, भ, म) किमान दोन फ्रेम टिकवा, एका फ्रेमचा 'म' डोळ्याला दिसतच नाही. आणि तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलवा.

फ्रेमरेट पहिल्या दिवशी ठरवा. २४ वर बनवलेलं चित्र चुकून २५ ने चाललं तर ६ मिनिटांचं काम १४ सेकंद आधी संपतं. आवाज तिथेच, तोंडं पुढे.

कटिंगचहा
वाचनखूण साठवली. शिव्यांचं काय? बीप टाकून घरातल्यांना दाखवता येईल अशी प्रतही हवी आहे.

ळ_कार
प्रत्येक शिवीचे दोन टेक घ्या, खरी आणि सौम्य. बीप म्हणजे साधा १ किलोहर्ट्झचा सूर, बोलण्यापेक्षा थोडा खाली. पहिलं व्यंजन ऐकू द्या, पुढचं झाका, हसू तिथे येतं. फक्त त्या जागी तोंडाचा आकार सौम्य शब्दाचा काढा. बीपच्या आड ओठ 'भ'ने मिटलेले दिसले, तर झाकून काय उपयोग?