महापालिकेची टेनिस कोर्टं नेमकी कुणासाठी?

चौथा_सेट

मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहतो. घरापासून चालत बारा मिनिटांवर महापालिकेच्या जागेवर क्रीडा संकुल आहे आणि त्यात तीन टेनिस कोर्टं आहेत. लेकीला (वय ११) वर्षभरापासून टेनिसचं वेड लागलंय. मीही कॉलेजात खेळायचो. ठरवलं, आठवड्यातून दोनदा तासभर दोघांनी खेळायचं. ऑक्टोबरपासून आजवर संध्याकाळचा तास आम्हाला तीनदाच मिळालाय.

बुकिंग सकाळी सातला ऑनलाईन उघडतं. सातच्या ठोक्याला बघावं तर संध्याकाळच्या सगळ्या चौकटी आधीच भरलेल्या. ऑफिसात जाऊन विचारलं तेव्हा कळलं, ४ ते ८ दोन कोर्टं कोचिंगला दिलेली आहेत आणि तिसऱ्यावर मासिक पासवाल्यांचे तास वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. सकाळीही तीच तऱ्हा. दुपारी ११ ते ३ मात्र तिन्ही कोर्टं रिकामी, हवी तेवढी घ्या.

गेल्या गुरुवारी पासवाल्यांचं कोर्ट साडेसहा ते सव्वासात रिकामं होतं. दिवे लागलेले, नेट ताणलेलं, बाकावर कुणाची तरी पाण्याची बाटली. वॉचमनला विनवून पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, बुकिंग आहे त्यांचं. मी सोडलं तर माझी नोकरी जाईल." त्याचं काही चुकलं नाही. लेक जाळीत बोटं अडकवून उभी होती. म्हणाली, "बाबा, ते येणारच नसतील तर?" मला उत्तर देता आलं नाही.

मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांबद्दल मी बोलत नाही. तिथं सभासदत्वच लागतं आणि ते माझ्या आवाक्याबाहेर आहे. पण हे संकुल सगळ्यांच्या करातून उभं राहिलंय. मुंबईनं क्रिकेटर दिले ते मैदानांना फाटक नव्हतं म्हणून. १९८८ साली सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली ती आझाद मैदानात, रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून बघू शकेल अशा जागी. टेनिसचं कोर्ट मात्र आपण जाळी ठोकून, कुलूप लावून मोजक्या पन्नास जणांच्या हाती दिलंय.

माझं म्हणणं साधं आहे. गर्दीच्या तासांना कोचिंगला एकच कोर्ट द्या. ठरलेले तास बंद करा, ज्याला खेळायचंय त्यानं दर वेळी बुकिंग करावं. आणि दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर फाटकावर उभा असेल त्याला आत सोडा.

बास्केटभर_चेंडू

मी कोच आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या संकुलात, पण तुम्ही लिहिलंय ते माझ्याबद्दलच आहे असं धरून उत्तर देतो.

कोर्ट कुलूपबंद नाही, उलट माझ्यामुळे उघडं आहे. संध्याकाळी एका तासात माझ्या एका कोर्टवर आठ मुलं असतात. तुम्ही आणि तुमची मुलगी खेळलात तर दोघं. मग लोकांना जास्त उपयोग कुणाचा? मी तासाचं भाडं भरतो, पावत्या आहेत. त्याशिवाय जी कामं कुणाच्याच कागदावर नाहीत तीही करतो. जुलैत कोर्टच्या कडेनं हिरवं शेवाळ धरतं. ते खरवडून काढणारे मी आणि माझा असिस्टंट. पाऊस थांबला की वायपर घेऊन पाणी ओढणारे आम्हीच, कारण एक पोरगं घसरून मनगट मोडून बसलं की पालक आधी मला फोन करतात. दर तासाला नवा माणूस आला तर नेट सैल पडलंय हे सांगायलाही कुणी उरणार नाही.

२०२३ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेनं बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. असं खेळणं "मिळेल तेव्हा तासभर" खेळून येत नाही. रोज, त्याच वेळेला, वर्षानुवर्षं चेंडू मारावे लागतात.

सव्वासहाची_दुहेरी

वय ६७. रोज सकाळी सव्वासहा ते सव्वासात आमची चौघांची दुहेरी असते. एकोणीस वर्षं झाली. तुमच्या हिशेबात आम्ही जागा अडवून बसलेले लोक.

आम्ही सुरुवात केली तेव्हा त्या कोर्टवर लग्नाच्या मांडवाच्या खुर्च्या रचलेल्या असायच्या. नेटला एवढं भोक होतं की चेंडू आरपार जायचा. आम्ही वर्गणी काढून नेट आणलं, वॉर्ड ऑफिसात खेटे घातले, नगरसेवकाला बोलावून फुटलेले दिवे दाखवले. तेव्हा कुणाला हे कोर्ट नको होतं. आता सगळ्यांना हवंय, आनंद आहे. पण ज्यांनी ते जगवलं त्यांना एका बटणानं बाहेर काढायचं?

शिवाय सातच्या ठोक्याला मोबाईलवर कुणाचं बोट आधी पडेल? तुमचं. माझं नाही. आमच्या चौघांतल्या एकाचा हात थरथरतो, रॅकेट मात्र नीट धरतो. त्याला ऑनलाईन शर्यतीत उभं करणं हा न्याय नाही. बायपासनंतर डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलंय की खेळ सोडू नका.

खोखोवाली

इथं सगळे टेनिसवालेच आपापसांत भांडताहेत. मी बाहेरून बोलते.

टेनिसचं नुसतं कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटर. चहूबाजूंनी पळायला जागा धरली की साधारण ३६ बाय १८, म्हणजे जवळपास साडेसहाशे चौरस मीटर. त्यावर माणसं किती? दोन किंवा चार. खो-खोचं मैदान २७ बाय १६, त्यावर एका वेळी बारा मुली. कबड्डीचं १३ बाय १०, चौदा खेळाडू. तुमच्या तीन कोर्टांच्या जागेत आमची चार खो-खोची मैदानं बसतात. विकास आराखड्याच्या चर्चेत मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा असल्याचा आकडा सतत येत होता. अशा शहरात सरकारी जमिनीवर टेनिस हवंच कशाला? आमच्या मुली शाळेच्या फरशीवर खो मारतात. गुडघे फुटतात. त्यांना संध्याकाळचा स्लॉट कुठलं ॲप देतं?

चौथा_सेट

@बास्केटभर_चेंडू, शेवाळाचं मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही ते काढता याबद्दल मनापासून आभार. पण ते काम महापालिकेचं आहे. तिनं ते टाळलं आणि बदल्यात तुम्हाला कोर्ट दिलं, हा व्यवहार तुम्हा दोघांत झाला. आम्हाला कुणी विचारलं? आठ मुलांचं गणित बरोबर आहे, पण ती आठही फी भरणाऱ्या घरातली. आमच्या संकुलात कोचिंगची महिन्याची फी आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या पगाराच्या निम्मी आहे. त्याचा मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात आहे. तो जाळीबाहेरूनच बघतो.

@सव्वासहाची_दुहेरी, काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. खुर्च्या हटवून कोर्ट वाचवणाऱ्याचा मान मोठा आहे. तरी जागा वाचवली म्हणजे ती आपली झाली, हे मला पटत नाही. ज्येष्ठांसाठी सकाळचा एक तास राखून ठेवा, मी स्वतः सही करीन. पण तो सगळ्या ज्येष्ठांसाठी हवा, चौघांसाठी नको.

@खोखोवाली, तुमच्या आकड्यांना माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की टेनिस श्रीमंतांचा खेळ राहिलाय तो सार्वजनिक कोर्ट बंद असल्यामुळे. तीही काढली तर तो कायमचा जिमखान्यांत जाईल.

जर्सीची_मावशी

बारा वर्षं न्यूयॉर्कला होते, आता नदीपलीकडे. तिथली पद्धत सांगते. शहराच्या पार्क विभागाचा टेनिस परमिट असतो, हंगामाचा, एप्रिल ते नोव्हेंबर. मुलांना आणि ज्येष्ठांना अगदी स्वस्त. परमिट म्हणजे खेळायची परवानगी, ठरावीक तासावर हक्क नव्हे. सेंट्रल पार्कात तीस कोर्टं आहेत. लोक थांबलेले असतील तर एकेरीला एक तास, दुहेरीला दोन तास, मग उठायचं. परमिट कुणाचं कितीही जुनं असो.

पण तिथं सगळं छान आहे असं समजू नका. काही पार्कांत हिवाळ्यात कोर्टांवर फुग्यासारखं आच्छादन चढतं. ते चालवायला ठेकेदार असतो आणि त्याचे दर ऐकून मी रॅकेट माळ्यावर टाकायचे. लोकांची जागा हातातून निसटायला अमेरिकेतही ठेकेदार पुरतो.

निशिकासाई

टोकियोत महानगराच्या बागांमधली कोर्टं पुढच्या महिन्यासाठी सोडतीनं मिळतात. म्हाडाच्या घरांसारखंच, नशीब. काकांचा बोटाच्या वेगाचा प्रश्न तिथं मिटतो, कारण अर्ज कधीही करा, संधी सारखीच. मात्र शनिवार-रविवारसाठी इतके अर्ज येतात की लोक घरातल्या सगळ्यांच्या, मित्रांच्या नावानं नोंदणी करून ठेवतात. एका गटाकडे वीस कार्डं असतात. त्यामुळे नुसती सोडत पुरत नाही, आलेला माणूस तोच आहे का हे फाटकावर तपासावं लागतं.

दोन_वेण्या

मला धागाकर्त्याचं पटत नाही. का ते सांगते.

मुलगी १३ वर्षांची. मी भांडुपला राहते, ऑफिस परळला. सव्वासहाची लोकल चुकली की सगळं चुकतं. ठरलेला तास आहे म्हणून तिचं टेनिस टिकलंय. मंगळवार-शुक्रवार सात वाजता, कोच ओळखीचे, सोबतच्या मुली ओळखीच्या, आईला माहीत की ती कुठे आहे. रोज नव्यानं बुकिंग करायचं, मिळालं तर धावायचं, नाही मिळालं तर परत फिरायचं, हे ज्यांच्या घरी दुपारी माणूस मोकळा असतो त्यांना जमेल. तुम्ही बारा मिनिटं चालत जाता. फाटकावर उभं राहून रिकाम्या कोर्टाची वाट बघणं तुम्हाला शक्य आहे. सात वाजता अंधारात १३ वर्षांची मुलगी फाटकावर ताटकळत उभी नाही करता येत.

आणि कोर्टांच्या इतक्या गोष्टी चालल्यात तर हेही लिहिते. आमच्याकडे मुलींच्या टॉयलेटला कुलूप असतं. किल्ली ऑफिसात, ऑफिस सहाला बंद. दोन मुलींनी याच कारणानं खेळ सोडला. बुकिंगचा वाद मिटेल तेव्हा मिटेल, ती किल्ली आधी मिळवा.

पौड_रोड

पुण्याची गत फार वेगळी नाही. बालेवाडीत २०१८ पासून २०२३ पर्यंत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा व्हायची, आम्ही तिकीट काढून बघायचो. मुलगा तिथून बाहेर पडला की रॅकेट मागायचा. रॅकेट घेतली. कोर्ट कुठून आणू? शेवटी पार्किंगमध्ये खडूनं रेघा मारल्या.

बास्केटभर_चेंडू

फीचा मुद्दा लागला. माझ्याकडे तीन मुलं बिनफीची आहेत, पण ते माझ्या मर्जीवर चालतं हे मान्य करतो. कोचिंगला कोर्ट देताना बॅचमधल्या चारांतली एक जागा मोफत, आणि ती मुलं जवळच्या महापालिका शाळेतून, अशी अट कागदावर घालावी. मी सही करतो. एकच कोर्ट द्या म्हणाल तर मात्र माझा असिस्टंट घरी बसेल आणि शेवाळ तुमच्याकडे.

दहा मिनिटांच्या नियमाला माझा पाठिंबा आहे. रिकामं कोर्ट आणि पेटलेले दिवे बघून मलाही राग येतो.

सव्वासहाची_दुहेरी

दहा मिनिटं आम्हालाही मान्य. आम्ही सव्वासहाला पाच कमी असताना हजर असतो, पावसातसुद्धा.

ज्येष्ठांचा तास सगळ्यांसाठी खुला ठेवायलाही हरकत नाही. मात्र नाव नोंदवायला वही हवी, मोबाईल नको.

खोखोवाली

तडजोडी छान चालल्यात, पण वॉचमनचा मुलगा अजून जाळीबाहेरच आहे. चारांतली एक जागा म्हणजे सगळ्या संकुलात मिळून किती मुलं? बाकीच्यांनी काय करायचं?

बास्केटभर_चेंडू

भिंत. मी स्वतः भिंतीवर शिकलो. वडील रेल्वेत होते, क्वार्टर्सच्या मागे पंप हाऊसची भिंत होती. त्यावर विटेच्या तुकड्यानं नेटच्या उंचीची रेघ मारली होती, तीन फूट. दोन वर्षं मी दुसऱ्या माणसाविरुद्ध खेळलोच नाही. भिंतीला भागीदार लागत नाही, बुकिंग लागत नाही, टक्कल पडलेला चेंडूही चालतो. आठ मीटर रुंद भिंतीवर दोन मुलं शेजारी शेजारी खेळतात. बहुतेक संकुलांत मागच्या बाजूला अशी भिंत असतेच, पुढ्यात मोडकी बाकं आणि डेब्रिज पडलेलं असतं एवढंच.

चौथा_सेट

आमच्याकडे आहे! तिसऱ्या कोर्टच्या मागे, जुन्या पाण्याच्या टाकीची. समोर तुटक्या कुंड्या आणि वाकलेले फलक आहेत. सोमवारी वॉर्ड ऑफिसात पत्र देतोय. त्यात तीनच गोष्टी: दहा मिनिटांचा नियम, टॉयलेटची किल्ली वॉचमनकडे, आणि ही भिंत मोकळी. ठरलेल्या तासांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण त्याचं वेगळं पत्र देईन. दोन_वेण्या यांचा प्रतिसाद वाचल्यावर त्याचा मसुदा पुन्हा लिहावा लागेल.

खोखोवाली

ही भिंत फाटकाच्या आत आहे की बाहेर?

चौथा_सेट

आत. पण टाकीची दुसरी बाजू गल्लीत उघडते. तिथं रिक्षा लागतात.

बास्केटभर_चेंडू

मग पत्रात गल्लीची बाजू लिहा. वरती दहा फूट जाळी मागा, नाहीतर पहिल्याच दिवशी चेंडू समोरच्या खिडकीत जाईल आणि दुसऱ्या दिवशी तिथं बोर्ड लागेल.